चित्तविकृतीचे जैविक दर्शक, तरुणांतील

चित्तविकृतीची लक्षणे दिसत असलेल्या, अथवा ती पुढे उद्भवण्याचा संभव असलेल्या, तरुण व्यक्तींच्या रक्तात, मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जू यांभोवतीच्या द्रवात), आनुवंशिक द्रव्यात किंवा मेंदूच्या रचनेत व कार्यात आढळणारी आणि मोजता येणारी वैशिष्ट्ये. संशोधनात असे अनेक दर्शक सुचविले गेले आहेत. तथापि एखाद्या विशिष्ट तरुणास छिन्नमानस हा विकार आहे किंवा नाही, हे केवळ रक्तपरीक्षेने वा मेंदूच्या प्रतिमेने ठरविता येईल, असा एकही दर्शक अद्याप सिद्ध झालेला नाही. याउलट, चित्तविकृतीसारखीच लक्षणे निर्माण करणारे काही शारीरिक रोग प्रयोगशाळेतील परीक्षांनी निश्चित ओळखता येतात व त्यांपैकी काही योग्य उपचाराने बरे होतात. या दोन गोष्टींत गल्लत झाल्यास रुग्णाचे मोठे नुकसान होऊ शकते.

चित्तविकृतीच्या लक्षणांत संभ्रम व निर्वस्तुभ्रम ही प्रमुख होत. संभ्रम म्हणजे पुराव्याने न ढळणारी खोटी समजूत, उदा., शेजारी आपल्या अन्नात विष कालवितात असे ठामपणे वाटणे. निर्वस्तुभ्रम म्हणजे बाह्य वस्तू नसताना होणारे संवेदन, उदा., जवळपास कोणी नसता आपल्याविषयी बोलणारे आवाज ऐकू येणे. यांखेरीज विचारांतील विस्कळीतपणा, भावनांचा बोथटपणा व लोकांपासून अलग राहणे हीही लक्षणे आढळतात. छिन्नमानस, उद्दीपन-अवसाद चित्तविकृती, मादक द्रव्यांचे परिणाम व मेंदूचे काही रोग यांत ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात दिसतात. छिन्नमानसाचा आरंभ पुरुषांत बहुधा १५ ते २५ या वयात होतो, स्त्रियांत तो काहीसा उशिरा होतो. शिक्षण पुरे होऊन नोकरी-व्यवसायास लागण्याच्या काळातच विकार उद्भवत असल्याने आरंभीच्या लक्षणांना आळस, अभ्यासातील दुर्लक्ष, प्रेमभंग किंवा बाहेरची बाधा अशी नावे देण्यात येतात व उपचारास विलंब होतो. हा विलंब जितका दीर्घ, तितके उपचारांचे फळ कमी, असे अनेक पाहण्यांत आढळून आले आहे.

भारतातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत अशा विकारांचे पाहणीच्या वेळचे प्रमाण प्रौढांत सुमारे ०·४ टक्के आढळले. या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही हेच प्रमाण येथे लागू धरले, तर २०११ च्या जनगणनेत ७,५०,२३६ लोकसंख्या असलेल्या एकट्या पनवेल तालुक्यात त्या वेळी असे सुमारे दोन हजार प्रौढ रुग्ण असावेत. २०१६ साली महानगरपालिका झालेल्या पनवेलची वस्ती त्यानंतर बरीच वाढली आहे. अंदाज ढोबळ असला, तरी हा विकार विरळा नव्हे हे त्यावरून ध्यानात येते.

दर्शकांचा शोध : क्षयरोगाचे जंतू थुंकीत दिसतात, मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते, चित्तविकृतीचे निदान मात्र रुग्णाशी होणारे संभाषण, त्याच्या वर्तनाचे निरीक्षण व नातेवाइकांनी सांगितलेली हकीकत यांवरच करावे लागते. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहेत. त्यांना मोठी उमेद मिळाली ती उपदंशामुळे. यूरोपातील मनोरुग्णालयांत त्या काळी ज्यांना वेडाचे झटके व पुढे अंगघात होई, अशा रुग्णांची संख्या मोठी होती. १९०६ साली व्हासरमान यांची रक्तपरीक्षा प्रचारात आली आणि १९१३ मध्ये नोगुची व मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले. ज्याला मनाचा रोग समजले जात होते, तो जंतुजन्य ठरला. उरलेल्या वेडाचेही असेच एखादे कारण नळीत वा सूक्ष्मदर्शकाखाली सापडेल, ही अपेक्षा तेव्हापासून रूढ झाली.

ती अपेक्षा अनेकदा फसली. १९५७ साली स्वीडनमधील ओकरफेल्ट यांनी छिन्नमानसाच्या रुग्णांचा रक्तरस एका रसायनात मिसळला असता त्याचे ऑक्सिडीभवन अधिक वेगाने होते, असे दाखविले. सेरुलोप्लाझ्मीन या तांबेयुक्त प्रथिनाचे आधिक्य हे त्याचे कारण मानले गेले. पुढे असे दिसून आले, की रुग्णालयातील निकृष्ट आहारामुळे रुग्णांच्या शरीरात क जीवनसत्त्व कमी झालेले होते व परीक्षेचे फलित मुख्यतः त्यावर अवलंबून होते. १९६२ मध्ये न्यूयॉर्क येथे फ्रीडहोफ व व्हॅन विंकल यांना रुग्णांच्या मूत्राच्या वर्णलेखनात एक गुलाबी ठिपका आढळला आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. तोही आहार व औषधे यांच्याशी निगडित असल्याचा संशय पुढे बळावला. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक सिमोर केटी यांनी १९५९ सालीच अशा संशोधनातील दोषांची चिकित्सा केली होती. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेला माणूस आणि बाहेरचा निरोगी माणूस यांच्यात रोगाखेरीज आहार, औषधे, धूम्रपान, व्यायामाचा अभाव असे कित्येक फरक असतात आणि प्रयोगशाळेत मोजला जातो तो फरक यांपैकी कशाचाही असू शकतो. हा आक्षेप आजच्या कित्येक शोधनिबंधांनाही लागू पडतो.

रासायनिक व रचनात्मक दर्शक : मेंदूतील रसायनांकडे लक्ष वेधण्यास भारतातील एक वनस्पती कारणीभूत झाली. सर्पगंधेचा उपयोग वेडावर व उच्च रक्तदाबावर होतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून १९३१ साली प्रसिद्ध केले. रक्तदाबावरील तिचा परिणाम मुंबईचे हृद्‌रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकासमोर मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १८७२ पासून आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्यासाठी परिचित असलेल्या पनवेलसारख्या गावी तरी या वनस्पतीचे नाव अपरिचित असण्याचे कारण नाही. १९५७ च्या सुमारास स्वीडनमधील कार्लसन यांनी रेसर्पिनामुळे प्राण्यांच्या मेंदूतील डोपामीन हे संदेशवाहक द्रव्य नाहीसे होते, असे दाखविले. चित्तविकृतीवरील इतर औषधेही डोपामिनाच्या ग्राहींवर परिणाम करतात हे पुढे कळले. काही संशयित तरुणांच्या मेंदूत विकार पूर्णपणे प्रकट होण्याच्या आधीच डोपामिनाची निर्मिती वाढलेली असते, असे लंडन येथील २००९ च्या पाहणीत आढळले. तथापि ही मोजणी किरणोत्सर्गी द्रव्य टोचून करावी लागते व अत्यंत खर्चिक असल्याने ती संशोधनापुरतीच राहिली आहे.

इंग्लंडमधील नॉर्थविक पार्क येथे ईव्ह जॉनस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दीर्घकालीन रुग्णांच्या मेंदूतील विवरे (द्रवाने भरलेल्या पोकळ्या) निरोगी व्यक्तींपेक्षा मोठी असल्याचे दाखविले. हा निष्कर्ष पुढे अनेकदा पडताळला गेला आहे. मात्र रुग्णांची व निरोगी व्यक्तींची मापे एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळलेली असतात. त्यामुळे केवळ विवरांच्या आकारावरून अमुक एक व्यक्ती रुग्ण आहे, असे म्हणता येत नाही. कुमारावस्थेत मेंदूतील तंत्रिका कोशिकांमधील अनावश्यक जोडण्या नैसर्गिक रीत्या छाटल्या जातात. ही छाटणी प्रमाणाबाहेर झाल्यास छिन्नमानस उद्भवत असावे, अशी कल्पना फाइनबर्ग यांनी १९८२ साली मांडली. २०१६ मध्ये याच छाटणीत भाग घेणाऱ्या पूरक प्रथिनाच्या सी-४ या जीनाचे काही प्रकार छिन्नमानसाचा संभव थोडासा वाढवितात असे आढळल्याने त्या कल्पनेला आधार मिळाला. विकार नेमका तारुण्यातच का उद्भवतो, याचे काहीसे समाधानकारक उत्तर या दिशेने मिळते. छिन्नमानसाशी संबंधित जीनस्थानांची संख्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १०८, तर २०२२ च्या अभ्यासात २८७ इतकी होती. यांपैकी बहुतेक प्रत्येकाचा वाटा नगण्य असतो. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा जन्मतःच नसणे, हा याला अपवाद होय. अशा सुमारे एक-चतुर्थांश व्यक्तींत पुढे चित्तविकृती उद्भवते.

शोथाशी (दाहयुक्त सुजेशी) संबंधित द्रव्यांचाही अभ्यास झाला आहे. इंग्लंडमधील एव्हन परगण्यात जन्मापासून पाहणीखाली असलेल्या मुलांत, नवव्या वर्षी रक्तातील इंटरल्यूकीन-६ अधिक असणाऱ्यांना अठराव्या वर्षी चित्तविकृतीसदृश अनुभव येण्याचा संभव सुमारे दुप्पट असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संभव दुप्पट झाला, तरी त्या मुलांपैकी बहुसंख्य निरोगीच राहिली, हे अशा वृत्तांत सहसा सांगितले जात नाही.

पुण्यातील संशोधन : केटी यांच्या आक्षेपाला काही प्रमाणात उत्तर देणारे संशोधन महाराष्ट्रात झाले. श्रीमंत देशांत रुग्ण लवकर औषधाखाली येतो व औषधांमुळे रक्तातील वसा, वजन आणि हॉर्मोने बदलतात. त्यामुळे बदल रोगाचा की औषधाचा, हा प्रश्न सुटत नाही. भारतात पूर्वी कधीही औषध न घेतलेले रुग्ण तुलनेने सहज भेटतात. उपचारांतील उणिवेचा हा असा विषादजनक उपयोग आहे. अमेरिकेतील जॉर्जिया वैद्यकीय महाविद्यालयातील साहेबराव महाडिक, पुण्याचे जीवरसायनशास्त्रज्ञ प्रभाकर रांजेकर, भारती विद्यापीठाच्या आरोग्यविषयक संशोधन संस्थेतील साधना जोशी आणि पुण्यातील मानसोपचारतज्ञ यांनी या शतकाच्या आरंभापासून अशा रुग्णांचा अभ्यास केला.

त्यांच्या २००३ च्या निबंधांचा विषय ओमेगा-३ वसाम्ले हा होता. ही वसाम्ले मासे, जवस, अक्रोड यांपासून मिळतात व तंत्रिका कोशिकांच्या आवरणाचा महत्त्वाचा घटक असतात. औषध न घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातील तांबड्या कोशिकांत ती कमी आढळली. दुसऱ्या एका प्रयोगात ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ वसाम्ले आणि ई व क जीवनसत्त्वे नेहमीच्या उपचारांबरोबर देण्यात आली. त्यांची लक्षणे कमी झाली व पूरक द्रव्ये थांबविल्यानंतर चार महिन्यांनी वसाम्लांचे प्रमाण मूळपदावर आले असताही सुधारणा बरीचशी टिकून राहिली. या प्रयोगात निष्क्रिय औषध घेणारा तुलनागट नव्हता. त्यामुळे सुधारणेचे श्रेय कोणाला द्यावे, हे अनिश्चित राहिले.

२००८ मधील निष्कर्ष अधिक बोधप्रद आहे. प्रथमच विकार झालेल्या व औषध न घेतलेल्या रुग्णांच्या तांबड्या कोशिका आणि मस्तिष्क-मेरुद्रव यांतील वसाम्ले एकाच वेळी मोजली असता, डोकोसाहेक्झेनॉइक अम्ल या प्रमुख वसाम्लातील बदल दोन्ही ठिकाणी परस्परविरुद्ध दिशांनी झालेले आढळले. म्हणजे रक्तातील मापावरून मेंदूत काय चालले आहे, याचा सरळ अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. तंत्रिका कोशिकांची वाढ व जोपासना करणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाच्या बाबतीत स्थिती निराळी होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात कमी होते आणि रक्तद्रवातील प्रमाणाशी त्याचा मेळ बसत होता. एका द्रव्याच्या बाबतीत रक्त हे मेंदूचे प्रतिबिंब दाखविते, तर दुसऱ्याच्या बाबतीत नाही. कमरेतून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची तसदी या गटाने घेतली नसती, तर हा भेद कळला नसता.

त्याच वर्षीच्या आणखी एका निबंधात औषध न घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात फॉलिक अम्ल व ब१२ जीवनसत्त्व कमी, तर होमोसिस्टीन व कॉर्टिसॉल अधिक आढळले. येथे महाराष्ट्रातील वाचकाने थोडे थांबावयास हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गातील मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६७ टक्क्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन अधिक होते. हे पुरुष मनोरुग्ण नव्हते. शाकाहार हे या कमतरतेचे एक प्रमुख कारण आहे. जी गोष्ट दर तीन निरोगी माणसांपैकी दोघांत सापडते, ती रोगाची ओळख पटविण्यास उपयोगी नाही. तिची भरपाई करणे मात्र अवश्य आहे, कारण ब१२ ची तीव्र कमतरता स्वतःच स्मृतिभ्रंश, हातापायांना मुंग्या व क्वचित चित्तविकृतीची लक्षणेही निर्माण करते. गर्भावस्थेतील पोषणाचा संबंधही दुर्लक्षणीय नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदर्लंड्समध्ये पडलेल्या दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे छिन्नमानसाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले.

पूर्वावस्था व भाकीत : चित्तविकृती पूर्णपणे प्रकट होण्यापूर्वी काही महिने वा वर्षे संशयीपणा, क्षणिक आवाज, झोपेतील बिघाड व शिक्षणातील घसरण अशी सौम्य लक्षणे दिसतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९९४ च्या सुमारास अशा तरुणांसाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. तेथे व इतरत्र झालेल्या पाहण्यांनुसार मदत मागण्यास आलेल्या अशा तरुणांपैकी तीन वर्षांत सुमारे एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश जणांना चित्तविकृती होते. उरलेल्यांना ती होत नाही. व्हिएन्ना येथे २०१० साली अशा ८१ तरुणांपैकी ओमेगा-३ वसाम्ले घेतलेल्या ४१ जणांत वर्षभरात दोघांना, तर निष्क्रिय औषध घेतलेल्या ४० जणांत ११ जणांना विकार झाला. हा निष्कर्ष फार आशादायक वाटला. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील ३०४ तरुणांवरील प्रयोगात दोन गटांत फरक आढळला नाही.

भाकितातील अडचण गणिती आहे. समजा, एखादी परीक्षा शंभरांपैकी नव्वद रुग्णांना अचूक ओळखते आणि नव्वद निरोग्यांना निरोगी ठरविते. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही दर्शकाची अचूकता इतकी नाही. ज्यांच्यापैकी १० जणांना विकार होणार आहे अशा १,००० तरुणांची ही परीक्षा केली, तर त्या दहांपैकी नऊ सापडतील. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ जणांनाही रोगाचा शिक्का बसेल. म्हणजे ‘सदोष’ ठरलेल्या १०८ जणांपैकी ९९ निरोगी असतील. महाविद्यालयात प्रवेश, नोकरी किंवा विवाह ठरण्याच्या वयात असा शिक्का बसण्याचे परिणाम निराळे सांगावयास नकोत. सर्वसाधारण तरुणांची सरसकट तपासणी म्हणूनच त्याज्य मानली जाते.

शारीरिक रोगांतील चित्तविकृती : प्रयोगशाळेचे खरे सामर्थ्य येथे दिसते. २००७ साली जोसेप दालमाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील एनएमडीए ग्राहींविरुद्ध शरीरानेच तयार केलेल्या प्रतिपिंडांमुळे होणारा मस्तिष्कशोथ वर्णिला. पुढील वर्षी त्यांनी प्रसिद्ध केलेल्या १०० रुग्णांपैकी ९१ स्त्रिया होत्या आणि मध्यक वय २३ होते. डोकेदुखी वा ताप, मग संशय, आवाज ऐकू येणे, असंबद्ध बडबड. त्यानंतर झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली व शुद्ध हरपणे, असा क्रम बहुधा आढळतो. अनेक रुग्णांना प्रथम मानसोपचारतज्ञांकडेच नेण्यात आले होते. शंभरापैकी ७५ जण पूर्णपणे बरे झाले किंवा त्यांच्यात अल्पसेच वैगुण्य उरले. काहींच्या अंडकोशात अर्बुद (गाठ) होते. ते लवकर काढून टाकल्यावर प्रकृती अधिक सुधारली. मस्तिष्क-मेरुद्रवातील या प्रतिपिंडांची परीक्षा हा तरुणांतील चित्तविकृतीचा आजवरचा सर्वांत विश्वसनीय दर्शक म्हणता येईल, कारण तो विशिष्ट रोग दाखवितो व उपचाराची दिशाही ठरवितो.

विल्सन रोगात तांबे यकृतात व मेंदूत साचते. तो बहुधा किशोरवयात व तारुण्यात प्रकट होतो. हातांना कंप, बोलण्यातील अडखळ, कावीळ यांबरोबर स्वभावात बदल व क्वचित चित्तविकृती आढळते. नेत्रतज्ञास डोळ्याच्या स्वच्छमंडलाभोवती तपकिरी-हिरवट कडे दिसते आणि रक्तातील सेरुलोप्लाझ्मीन कमी असते. ओकरफेल्ट यांच्या परीक्षेत ज्या प्रथिनाने संशोधकांना चकविले, तेच येथे उपयोगी पडते. अवटू ग्रंथीचे विकार, ब१२ ची तीव्र कमतरता, मेंदूतील गाठी व पट्टकृमीच्या पुट्या, एचआयव्ही संसर्ग, अपस्मार, तसेच गांजा व उत्तेजक द्रव्ये यांचाही विचार करावा लागतो. लक्षणांचा आरंभ अगदी एकाएकी होणे, ताप, झटके, शुद्धीतील चढउतार, हालचालींत नव्याने आलेला बदल किंवा डोळ्यांपुढे आकृती दिसणे, यांपैकी काहीही असेल, तर मानसिक विकार असे म्हणून थांबू नये.

व्यवहारातील उपयोग : पनवेल व आसपासच्या वसाहतींत रक्तपेशी, साखर, अवटू ग्रंथीची हॉर्मोने व ब१२ यांच्या परीक्षा सहज होतात. तालुक्यातच कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तर जवळचे शासकीय मनोरुग्णालय ठाणे येथे असून ते १९०१ साली स्थापन झालेले आहे. प्रतिपिंडांसारख्या विशेष परीक्षांसाठी नमुने मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठवावे लागतात. प्रथमच चित्तविकृती झालेल्या तरुणाच्या या प्राथमिक परीक्षा व गरजेनुसार मेंदूचे क्रमवीक्षण करणे योग्य असते. पण त्यांचा हेतू शारीरिक रोग वगळणे हा असतो. अहवाल निर्दोष आले म्हणून आजार नाही, असा अर्थ अनेक कुटुंबे काढतात व औषधे बंद करतात; तो चुकीचा आहे. छिन्नमानसात हे अहवाल निर्दोष असणे हीच नेहमीची स्थिती होय. आनुवंशिक तपासणीवरून किंवा केसांतील व रक्तातील क्षारांच्या प्रमाणावरून हा विकार ओळखून देण्याचे दावे पुराव्याने सिद्ध झालेले नाहीत.

एकदा उपचार सुरू झाले, की रक्तपरीक्षांचे काम बदलते. काही औषधांनी वजन, साखर व रक्तातील वसा वाढतात; म्हणून ही मापे आरंभी व नंतर नियमितपणे घ्यावी लागतात. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांस देण्यात येणारे क्लोझापीन हे औषध अतिशय गुणकारी आहे. परंतु त्यामुळे क्वचित पांढऱ्या रक्तपेशी धोकादायक प्रमाणात घटतात. १९७५ साली फिनलंडमध्ये अशा रुग्णांचे मृत्यू झाल्यानंतर ते काही काळ मागे पडले होते. पांढऱ्या पेशी मोजण्याच्या अटीवर ते पुन्हा वापरात आले. मोजणी सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला व पुढे दर महिन्याला केली जाते, तिला फारसा खर्च येत नाही आणि ती गावातील कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत होऊ शकते.